पुराच्या पंचनाम्याची एक प्रत: नागपुरातील एका माहिती अर्जाचा प्रवास

२२ सप्टेंबर २०२३ च्या रात्री नागपुरात पावसाने जोर धरला आणि २३ च्या पहाटेपर्यंत अवघ्या काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाणी पडले. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी काठ सोडून वाहू लागली आणि तलावाखालच्या वसाहतींपासून सीताबर्डीपर्यंत हजारो घरांत लोक झोपेत असतानाच पाणी शिरले. त्यानंतर राज्य शासनाने बाधित कुटुंबांना प्रत्येकी १०,००० रुपये, दुकानांना ५०,००० रुपयांपर्यंत आणि टपऱ्यांना १०,००० रुपयांपर्यंत मदत जाहीर केली. प्रस्तुत प्रकरण त्यांपैकी एका घराच्या १०,००० रुपयांचे आहे. ही रक्कम नेमकी कुठे अडकली हे सांगणारा कागद हाती यायला त्या घराला दोन वर्षांना थोडा कमी वेळ लागला. तो वेळ कुठे आणि कसा गेला, याचा कागदोपत्री मागोवा येथे घेतला आहे.

माहिती अधिकाराचे अर्ज आणि अपिले लिहून देण्याचे काम मी नागपुरात बरीच वर्षे करत आलो आहे. हे प्रकरण अर्जदाराच्या संमतीने लिहीत आहे. अर्जदाराचे, वस्तीचे आणि संबंधित दोन्ही कार्यालयांचे नाव घेतलेले नाही. पुढे त्यांचा उल्लेख ‘पहिले कार्यालय’ आणि ‘दुसरे कार्यालय’ असाच येईल. व्यक्तींना दोष देणे हा या लेखनाचा हेतू नाही. या प्रकरणात अर्ज फेटाळण्याचा निर्णय एकाही कर्मचाऱ्याने घेतला नव्हता, तरीही माहिती मिळत नव्हती, आणि म्हणूनच ते अभ्यासण्याजोगे आहे.

अर्जदार महिला नदीकाठच्या वस्तीत दोन खोल्यांच्या घरात राहतात आणि शिवणकाम करून घर चालवतात. पुरात शिलाई मशीन, ग्राहकांनी शिवायला दिलेले कपडे, धान्य आणि घरातील कागदपत्रे भिजली. पंचनामा करणारे पथक पाणी ओसरल्यानंतर आठवड्याभरात येऊन गेले, कागदावर सही झाली, बँक पासबुकाची प्रत घेतली गेली. दिवाळीपर्यंत आजूबाजूच्या बहुतेक घरांच्या खात्यात पैसे जमा झाले, यांच्या झाले नाहीत. चौकशीला गेल्यावर एका खिडकीवर ‘यादी वर पाठवली आहे’ आणि दुसऱ्या खिडकीवर ‘बँकेत विचारा’ असे सांगण्यात आले. बँकेने काही जमा झाले नसल्याचे सांगितले, आणि बँकेला त्याहून अधिक काही माहीत असण्याचे कारणही नव्हते.

त्या माझ्याकडे आल्या तेव्हा शेजारच्या एका मुलाने लिहून दिलेला अर्ज त्यांच्याजवळ होता. त्यात एकच प्रश्न होता: ‘मला पुराची मदत का मिळाली नाही?’ माणसाच्या दृष्टीने प्रश्न अगदी रास्त आहे, पण माहिती अधिकाराच्या अर्जात तो टिकत नाही. कायद्यातील ‘माहिती’ म्हणजे अभिलेखात अस्तित्वात असलेला मजकूर. ‘का’ या प्रश्नाचे उत्तर म्हणजे माहिती नव्हे, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्ये स्पष्ट केले आहे आणि जन माहिती अधिकारी, म्हणजे माहिती अर्जांना उत्तर देण्याची जबाबदारी असलेले कार्यालयातील अधिकारी, त्या निकालाचा आधार सर्रास घेतात. वास्तविक त्याच कायद्याचे कलम ४(१)(घ) प्रशासकीय निर्णयांची कारणे बाधित व्यक्तींना कळवण्याचे बंधन प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर घालते. म्हणजे ज्या प्रश्नाचे उत्तर कार्यालयाने न मागता द्यायला हवे, तोच प्रश्न अर्जात विचारला की बाद ठरतो. ही विसंगती मला आजही खटकते, पण अर्ज मात्र कायद्याच्या चौकटीतच लिहावा लागतो.

म्हणून अर्ज नव्याने लिहिला. त्यात चार गोष्टी मागितल्या: या घराच्या पंचनाम्याची साक्षांकित प्रत, मंजुरीसाठी पाठवलेल्या यादीतील या नावाचे पान, रक्कम जमा करण्यासाठी बँकेकडे पाठवलेल्या आणि बँकेकडून परत आलेल्या नोंदींपैकी या नावाची नोंद, आणि या संदर्भातील टिपणीच्या, म्हणजे फाइलवरील कार्यालयीन नोंदींच्या, प्रती. इतरांचे खाते क्रमांक झाकून दिले तरी चालतील, असेही लिहिले. महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ पासून एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. तिचा भंग झाला की अर्ज परत करायला निमित्त मिळते, त्यामुळे शब्द मोजून घेतले. जोडपत्र ‘अ’वर, म्हणजे अर्जाच्या ठरलेल्या नमुन्यावर, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला आणि नोव्हेंबर २०२३ च्या शेवटच्या आठवड्यात अर्ज पहिल्या कार्यालयाच्या टपाल शाखेत हातोहात दिला. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतला. टपाल शाखेतल्या कर्मचाऱ्याने आवक क्रमांक नंतर पडेल, उद्या या, असे सांगितले होते. अर्जदार तिथेच थांबल्या. कायद्यातील ३० दिवस अर्ज मिळाल्याच्या तारखेपासून मोजले जातात. ती तारीख कार्यालयाच्या शिक्क्याने सिद्ध होत नसेल तर पुढची सगळी मोजणी वादात सापडते. पुढे प्रत्येक टप्प्यावर आमच्या हाती जे काही बळ होते ते या एका शिक्क्यातून आलेले होते.

पहिले तीस दिवस

डिसेंबर सुरू झाला आणि नागपुरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन आले. ७ ते २० डिसेंबर या काळात शहरातील शासकीय कार्यालयांची लगबग ज्याने पाहिली आहे, त्याला तिथल्या कर्मचाऱ्यांवरील ताण खरा असतो हे वेगळे सांगावे लागत नाही. लक्षवेधी सूचनांची उत्तरे, तारांकित प्रश्नांची माहिती, मोर्चे आणि बंदोबस्त, मंत्र्यांचे दौरे, वाहनांची आणि निवासाची व्यवस्था असे सगळे एकदम अंगावर येते. अर्जदार चौकशीला गेल्या तेव्हा मिळालेले उत्तर नागपुरातल्या अनेकांच्या परिचयाचे असेल: ‘काकू, आता अधिवेशन आहे, त्यानंतर या.’

परंतु माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मध्ये अधिवेशनाचे दिवस वगळण्याची तरतूद नाही. निवडणुकीचे, रजेचे किंवा रिक्त पदांचे दिवस वगळण्याचीही नाही. कलम ७(१) मध्ये शक्य तितक्या लवकर आणि कोणत्याही परिस्थितीत ३० दिवसांच्या आत असे म्हटले आहे. मोजणीतून वगळला जातो तो एकच काळ: माहितीच्या प्रतींचे शुल्क भरण्याचे पत्र कार्यालयाने रवाना केल्यापासून अर्जदार ते शुल्क भरेपर्यंतचा. मुदतीत निर्णय कळवला नाही तर कलम ७(२) नुसार अर्ज नाकारला असे मानले जाते. माझ्या मते या कायद्यातील ही सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत कमी वापरली जाणारी तरतूद आहे, कारण मौन म्हणजे नकार असे ती गृहीत धरते आणि अपिलाचा दरवाजा उघडते. बहुतेक अर्जदार मात्र ‘उत्तर येईल’ या आशेवर थांबतात आणि अपिलाची ३० दिवसांची मुदत हातची घालवतात.

पहिल्या कार्यालयाचे पत्र आले ते जानेवारी २०२४ च्या मध्यावर. पत्रावरील तारीख डिसेंबरअखेरची, म्हणजे ३० दिवसांच्या आतली होती. त्यात लिहिले होते की पंचनाम्याचे मूळ अभिलेख दुसऱ्या कार्यालयाकडे असल्याने अर्ज कलम ६(३) नुसार तिकडे हस्तांतरित केला आहे. पत्र वाचून अर्जदारांनी पाकीट टाकून दिले असते तर कागदावर सगळे मुदतीत दिसले असते. पाकीट जपून ठेवले होते म्हणून त्यावरचा टपाल खात्याचा शिक्का पाहता आला, आणि तो पत्रावरील तारखेनंतर दोन आठवड्यांहून अधिक काळाने मारलेला होता. शिवाय कलम ६(३) मध्ये हस्तांतरणासाठी दिलेली मुदत पाच दिवसांची आहे; येथे पत्रावरील तारीख खरी मानली तरी महिना होत आला होता.

अर्ज टेबलांवरून कसा फिरला

या टप्प्यावर एक वेगळा अर्ज पहिल्या कार्यालयात केला. त्यात पहिल्या अर्जाचा दैनंदिन प्रवास मागितला: तो कोणत्या दिवशी कोणत्या कार्यासनाकडे (कार्यालयातील शाखेकडे) गेला, तिथे किती दिवस राहिला, प्रत्येक ठिकाणी काय शेरा लिहिला गेला, आणि आवक व जावक नोंदवहीतील संबंधित पानांच्या प्रती. या अर्जाचे उत्तर मुदतीत मिळाले याची नोंद केली पाहिजे. नोंदवही टपाल शाखेतच होती आणि झेरॉक्स काढायला कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागली नाही, इतके साधे त्याचे कारण होते. या प्रकरणातील सर्वांत बोलके कागद हेच आहेत, म्हणून त्यांवर जरा अधिक थांबतो.

अर्ज ज्या दिवशी शिक्का मारून घेतला, त्यानंतर चार दिवसांनी तो टपाल शाखेतून पुढे गेला. विषयात ‘मदत रक्कम’ असे शब्द होते म्हणून त्यावर लेखा कार्यासनाचे नाव टाकले गेले. लेखा कार्यासनात तो पंधरवडाभर राहिला. अधिवेशनाचे दिवस नेमके हेच. अधिवेशन आटोपल्यावर ‘या कार्यासनाशी संबंधित नाही’ एवढ्या एका ओळीच्या शेऱ्यासह तो परत टपाल शाखेत आला. तिथून आपत्ती मदतीचे काम पाहणाऱ्या कार्यासनाकडे गेला. तेथील लिपिकाने दोनच दिवसांत टिपणी सादर केली, मूळ पंचनामे कुठे आहेत ते अचूक लिहिले आणि हस्तांतरणाच्या पत्राचा मसुदाही जोडला. म्हणजे योग्य टेबलावर पोहोचल्यानंतर हे काम दोन दिवसांचे होते. जन माहिती अधिकाऱ्यांनी त्यावर डिसेंबरअखेर सही केली. त्यानंतर ते पत्र जावक शाखेत पडून राहिले. नोंदवहीत जावक क्रमांक सहीच्या दिवशीचाच आहे, पण टपालाने पाठवल्याचा रकाना जानेवारीच्या मध्यापर्यंत कोरा आहे.

महाराष्ट्रात २००५ चा शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध करणारा अधिनियम आहे, ज्याला सर्वजण दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणून ओळखतात. त्यानुसार कोणतीही नस्ती (फाइल) एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ प्रलंबित राहता कामा नये. लेखा कार्यासनातील पंधरवडा आणि जावक शाखेतील दोन आठवडे या दोन्ही ठिकाणी ही मर्यादा ओलांडली गेली. तरीही या नोंदी वाचताना मला राग आला तो एखाद्या लिपिकाचा नव्हे. अर्ज चुकीच्या कार्यासनाकडे गेला हे कळायला पंधरवडा लागावा आणि तोवर त्या कागदाची विचारपूस करणारे कार्यालयात कोणीच नसावे, ही व्यवस्था वर्षानुवर्षे तशीच चालू दिली जाते, याचा आला. माहिती अधिकाराच्या अर्जांसाठी स्वतंत्र नोंदवही आणि तिच्यात मुदत संपण्याची तारीख लाल शाईने लिहिलेला एक रकाना, एवढ्यानेही या अर्जाचे तीन आठवडे वाचले असते.

शुल्काचे पत्र

दुसऱ्या कार्यालयाला अर्ज मिळाला त्या दिवसापासून नवे ३० दिवस सुरू झाले आणि फेब्रुवारीच्या मध्यावर संपले. फेब्रुवारीच्या शेवटी त्यांचे पत्र आले: माहितीची ६२ पाने आहेत, प्रति पान २ रुपयांप्रमाणे १२४ रुपये भरावेत. हेच पत्र मुदतीच्या आत निघाले असते तर मोजणी तिथे थांबली असती, आणि अनेक कार्यालयांत अशी पत्रे मुदतीच्या अगदी शेवटच्या दिवसांत निघतात ती त्यामुळेच. येथे मात्र मुदत उलटून गेली होती, आणि मुदत उलटल्यावर कलम ७(६) नुसार माहिती विनामूल्य द्यावी लागते. पत्रात प्रथम अपिलीय अधिकाऱ्याचे नाव आणि पदनामही नव्हते, जे कलम ७(३) नुसार असायलाच हवे.

अर्जदारांचे म्हणणे होते, ‘१२४ रुपये देऊन टाकू जी, कागद तं भेटन.’ त्यांच्या जागी कोणालाही हेच वाटले असते. तत्त्वासाठी त्यांना आणखी महिनाभर थांबवणे मला योग्य वाटले नाही. त्यामुळे रक्कम भरली, पावती घेतली आणि सोबत एक पत्र दिले की मुदत संपल्यामुळे माहिती विनामूल्य मिळण्याचा कलम ७(६) खालील हक्क राखून ही रक्कम भरत आहे. अशा प्रसंगी हाच मार्ग बरा, असे माझे मत आहे: माहितीही लांबत नाही आणि हक्कही सोडला जात नाही. मात्र या प्रकरणात पैसे भरल्यानंतरही कागद मिळाले नाहीत. १६ मार्च २०२४ ला लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागू झाली, नागपूरचे मतदान १९ एप्रिलला होते, आणि ज्यांच्या ताब्यात पंचनाम्याच्या नस्ती होत्या ते कर्मचारी निवडणूक प्रशिक्षणात आणि मतदान केंद्रांच्या तयारीत गुंतले.

याच काळात एका सोमवारी आम्ही अभिलेख पाहायला दुसऱ्या कार्यालयात गेलो. नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हास्तरीय व स्थानिक कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. फारच थोड्या नागपूरकरांना ही सोय माहीत आहे, म्हणून तिचा मुद्दाम उल्लेख करतो. तिथे सांगण्यात आले की कपाटाची किल्ली निवडणूक कर्तव्यावर असलेल्या कर्मचाऱ्याकडे आहे. हे लिहून द्या म्हटले तर कोणी लिहून देईना. तेव्हा तिथेच कोऱ्या कागदावर अर्जदारांनी लिहिले की आज सोमवारी अमुक वाजता अभिलेख पाहण्यास आले असता किल्ली उपलब्ध नसल्याचे सांगण्यात आले, आणि त्या कागदावर टपाल शाखेचा शिक्का घेतला. तोंडी नकाराची नोंद करण्याचा याहून सोपा उपाय मला माहीत नाही. पुढे राज्य माहिती आयोगासमोर हा कागद उपयोगी पडला.

अपिले

पहिल्या कार्यालयाविरुद्धचे प्रथम अपील जानेवारीतच, २० रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसह, दाखल केले होते. त्याची सुनावणी झाली. अपिलीय अधिकाऱ्यांनी हस्तांतरण झालेले आहे, अर्जदाराने दुसऱ्या कार्यालयाशी संपर्क साधावा, असा आदेश करून ते निकाली काढले. पाकिटाचा मुद्दा सुनावणीत मांडला होता, परंतु आदेशात त्याचा उल्लेख आला नाही. दुसऱ्या कार्यालयाविरुद्धचे प्रथम अपील मार्चमध्ये दाखल केले. कलम १९(६) नुसार ते ३० दिवसांत, आणि लेखी कारणे नमूद करून फार तर ४५ दिवसांत, निकाली निघायला हवे होते. त्याची सुनावणीच लागली नाही.

प्रथम अपिलाची ही पायरी या व्यवस्थेतील सर्वांत कमकुवत दुवा आहे. प्रथम अपिलीय अधिकारी हा त्याच कार्यालयातील वरिष्ठ असतो. बऱ्याचदा ज्या टिपणीमुळे विलंब झाला तिच्यावर त्याचीही सही असते. आणि कलम २० मधील शास्ती केवळ जन माहिती अधिकाऱ्याला लागू होते. अपील न ऐकणाऱ्या अपिलीय अधिकाऱ्याला या कलमाखाली दंड होत नाही. जो अधिकारी विलंब थांबवू शकतो त्यालाच विलंबाची झळ बसत नसेल, तर अपील ऐकण्याची घाई त्याने का करावी?

४५ दिवस उलटल्यावर, ९० दिवसांच्या मुदतीत, म्हणजे जुलै २०२४ मध्ये राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे द्वितीय अपील केले. केवळ कलम १८ खालील तक्रार न करता कलम १९ खालील अपीलच का, हे सांगणे आवश्यक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मणिपूर राज्याच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे की कलम १८ च्या तक्रारीवर आयोग दंडाची कारवाई करू शकतो, पण माहिती देण्याचा आदेश करू शकत नाही. माहिती हवी असेल तर अपिलाचाच मार्ग घ्यावा लागतो. संतापून थेट आयोगाकडे तक्रार करणारे अनेकजण हा फरक माहीत नसल्यामुळे वर्ष-दीड वर्षानंतर पुन्हा पहिल्या पायरीवर येतात.

आयोगाच्या पातळीवर मात्र कायद्याने मुदतच घातलेली नाही. अर्जाला ३० दिवस, प्रथम अपिलाला ३० ते ४५ दिवस, आणि द्वितीय अपिलाला काहीच नाही. सतर्क नागरिक संगठन या संस्थेच्या अहवालानुसार जून २०२४ अखेर महाराष्ट्राच्या आयोगापुढे एक लाखाहून अधिक अपिले आणि तक्रारी प्रलंबित होत्या, देशातील सर्व आयोगांमध्ये सर्वाधिक. या अनुशेषामागे आयुक्तांची पदे दीर्घकाळ रिक्त राहणे हे मोठे कारण आहे. पद रिक्त होण्याच्या एक-दोन महिने आधीच नियुक्तीची प्रक्रिया सुरू करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने माहिती अधिकार कार्यकर्त्या अंजली भारद्वाज यांच्या याचिकेवर फेब्रुवारी २०१९ मध्ये सांगितले होते. नागपूर विभागातील सहा जिल्ह्यांची अपिले याच खंडपीठाकडे येतात. गडचिरोलीच्या टोकाचा अर्जदार आणि सीताबर्डीचा अर्जदार एकाच रांगेत उभे असतात.

या रांगेचा दंडाच्या तरतुदीवर होणारा परिणाम फारसा लक्षात घेतला जात नाही. कलम २०(१) नुसार विलंबाच्या प्रत्येक दिवसाला २५० रुपये आणि जास्तीत जास्त २५,००० रुपये शास्ती आहे. म्हणजे शंभराव्या दिवशी कमाल मर्यादा गाठली जाते. या प्रकरणात दुसऱ्या कार्यालयाची मुदत फेब्रुवारी २०२४ च्या मध्यावर संपली. शंभर दिवस मे महिन्यातच भरले. द्वितीय अपील दाखल होण्याआधीच दंडाची मोजणी पूर्ण झाली होती आणि त्यानंतरच्या वर्षभराच्या विलंबासाठी आणखी एक रुपयाही वाढणार नव्हता. प्रथम अपिलाच्या दोन्ही मुदती पूर्ण वापरून द्वितीय अपिलाच्या सुनावणीपर्यंत पोहोचले की जवळजवळ प्रत्येक प्रकरण असेच शंभर दिवसांच्या पलीकडे जाते. विलंब लांबवण्यात जन माहिती अधिकाऱ्याचे काहीच बिघडू नये, अशी ही रचना आहे. ती बदलली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

कागद मिळाले त्या दिवशी

सुनावणीची नोटीस २०२५ च्या पावसाळ्यात आली. नोटीस दोन्ही पक्षांना जाते. ती पोहोचल्याच्या तिसऱ्या दिवशी दुसऱ्या कार्यालयातून अर्जदारांना फोन आला: ‘काकू, तुमचे कागद तयार आहेत, घेऊन जा. आणि आयोगासाठी समाधान झाल्याचे तेवढे लिहून द्या.’ ज्या कागदांसाठी दीड वर्ष कपाटाची किल्ली सापडत नव्हती, ते तीन दिवसांत साक्षांकित होऊन आले. अर्जदारांनी कागद घेतले, पोच देताना ‘६२ पाने प्राप्त, विलंबाबाबतची तक्रार कायम’ असे लिहिले आणि समाधानपत्र दिले नाही. तेथील कर्मचाऱ्याने थोडा आग्रह केला तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, ‘माझं समाधान झालं का नाही, हे मलेच ठरवू द्या जी.’

एकसष्ट पाने उलटल्यावर शेवटच्या पानावर उत्तर सापडले. पंचनामा बरोबर होता. मंजूर यादीत नाव होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये रक्कम बँकेकडे पाठवलीही गेली होती. परत आलेल्या व्यवहारांच्या यादीत या नावापुढे आयएफएससी, म्हणजे बँक शाखेचा कोड, अवैध असल्याची नोंद होती. अर्जदारांचे खाते ज्या बँकेत होते ती काही वर्षांपूर्वी दुसऱ्या बँकेत विलीन झाली होती. पासबुक मात्र जुनेच होते, त्यावरील कोड जुना होता, आणि तोच यादीत उतरवला गेला. नवा कोड लिहून एक ओळ दुरुस्त केली असती तर रक्कम पुढच्याच यादीत जमा झाली असती. त्याच पानावर याच कारणाने परत आलेली इतरही काही नावे होती. ते लोक कोण, त्यांना हे कधी कळले, कळले तरी का, हे सांगता येणार नाही. त्यांनी अर्ज केला नसेल तर बहुधा कळलेच नसेल.

कलम ४(१)(ख) अनुदान कार्यक्रमांच्या लाभार्थ्यांचा तपशील कार्यालयांनी स्वतःहून प्रसिद्ध करावा असे सांगते. पूरमदतीची यादी आणि परत आलेल्या व्यवहारांची यादी, खाते क्रमांक झाकून, कार्यालयाच्या फलकावर लावली असती तर हा अर्जच करावा लागला नसता. माहिती अधिकाराच्या अर्जांचा भार वाढल्याची तक्रार कार्यालये करतात तेव्हा हा मुद्दा त्यांच्यासमोर ठेवावासा वाटतो.

सद्यस्थिती अशी आहे. रक्कम परत आली तेव्हा ती त्या वर्षीच्या निधीत होती. आर्थिक वर्ष संपताना अखर्चित निधी समर्पित, म्हणजे शासनाला परत, करण्यात आला. त्यामुळे आता नवा कोड देऊनही पैसे लगेच मिळत नाहीत. दुसऱ्या कार्यालयाने या नावांसाठी नव्याने निधीची मागणी केली आहे आणि तिच्या प्रस्तावाची प्रत अर्जदारांना मिळाली आहे. कलम ७(६) नुसार १२४ रुपये परत करण्यात आले. आयोगाने तत्कालीन जन माहिती अधिकाऱ्याला कारणे दाखवा नोटीस काढली. त्यांची दरम्यान दुसऱ्या जिल्ह्यात बदली झाली असल्याने खुलासा यायचा आहे. विलंबामुळे निधी समर्पित झाला आणि त्यातून थेट नुकसान झाले, या आधारावर कलम १९(८)(ख) खाली भरपाईची मागणी केली आहे. तिच्यासोबत पाकिटावरील शिक्का, आवक-जावक नोंदवहीची पाने, सोमवारचा कागद आणि परत आलेल्या व्यवहारांच्या यादीचे ते शेवटचे पान जोडले आहे. त्या मागणीवर निर्णय व्हायचा आहे.